सासूबाईंना मुंबादेवी दाखवायचीय, पण गर्दीचं काय?

यावेळी देवळांवरचे प्रश्न ढिगाने आलेत. नवरात्र जवळ आलं की दरवर्षी असंच होतं, पण यंदा जरा जास्तच, म्हणून म्हटलं पूर्ण सदरच मुंबईतल्या गर्दीच्या देवळांना देऊन टाकू. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आपलं पत्र जसंच्या तसं नाही छापलं म्हणून रुसू नका.

ताई, आम्ही बदलापूरला राहतो. सासूबाई गावाहून आल्यात, वय ७२, गुडघे दुखतात, पण मुंबादेवी बघितल्याशिवाय परत जायचं नाही असा हट्ट आहे. आमचे हे म्हणतात एकाच दिवसात मुंबादेवी, महालक्ष्मी, सिद्धिविनायक तिन्ही करून टाकू, परत परत सुट्टी कोण घेणार. जमेल का? — एक सूनबाई, बदलापूर

जमेल हो, पण दुसऱ्या दिवशी सासूबाई अंथरुणातून उठायच्या नाहीत आणि पाय चेपायला तुम्हीच बसाल, हे नाही. तीन देवळं म्हणजे तीन रांगा, तीनदा चपला काढा-घाला, तीनदा टॅक्सीवाल्याच्या विनवण्या. त्या गुडघ्यांना दोन देवळं पुष्कळ झाली. आणि त्यांचा जीव मुंबादेवीत अडकलाय ना, मग ती पहिली आणि निवांत करा, दुसरं देऊळ पाय काय म्हणतायत ते बघून ठरवा.

आधी वार ठरवा. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, ते सोडा. रविवारी झवेरी बाजाराची बहुतेक शटरं खाली असतात म्हणून गल्ल्या मोकळ्या, त्यामुळे सगळेच सांगतात रविवारी जा, पण सांगणारे पश्चिम रेल्वेचे असतात हो! तुम्ही मध्य रेल्वेच्या, तुमच्याकडे रविवार म्हणजे मेगाब्लॉक, जाताना सुटलात तरी येताना सासूबाई कुर्ल्याच्या फलाटावर बसलेल्या असायच्या. म्हणून बुधवार नाहीतर गुरुवार, आणि पहाटेची, बदलापूरहूनच सुटणारी लोकल पकडा म्हणजे बसायला जागा मिळते. आठच्या फास्टला त्यांना घेऊन चढायचं धाडस कृपा करून करू नका. बाजार अकराच्या सुमाराला भरायला लागतो, त्याच्या आत दर्शन उरकलं की निम्मं काम झालं, कारण मुंबादेवीला खरी गर्दी देवळात कमी आणि देवळापर्यंतच्या रस्त्यात जास्त असते.

सीएसएमटीला उतरलात की तिथेच दोन मिनिटं थांबून सासूबाईंना सांगा, देवीचं मूळचं देऊळ इथेच कुठेतरी, बोरीबंदरला होतं. ही कोळ्यांची देवी. अठराव्या शतकात इंग्रजांनी किल्ल्याभोवतालची जागा रिकामी करायला घेतली तेव्हा देऊळ तिथून हललं आणि आत्ताच्या जागी आलं. तिथे देवळाला लागून मोठा तलाव होता, तोही पुढे बुजवला. म्हणजे जागेपायी घर हलवायची वेळ मुंबईत देवीवरसुद्धा आलीय, तुम्ही-आम्ही बदलापूर-विरारला गेलो त्याचं काय एवढं!

तिथून टॅक्सी करा. सकाळी आठ-साडेआठला टॅक्सी बरीच आतपर्यंत जाते, क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट, जुम्मा मशीद मागे टाकत. अकरानंतर मात्र टॅक्सीवाला मार्केटच्या कोपऱ्यावरच हात वर करतो आणि मग पुढे हातगाड्या, डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, मागून 'बाजू, बाजू' अशी आरोळी, त्यात गुडघेदुखीचं माणूस, नको ते. सकाळी लवकर गेलात तर एक गंमत बघायला मिळेल, सोनारांच्या दुकानांसमोर काही जण बारीक झाडूने रस्त्यावरची धूळ गोळा करत असतात, अगदी पायऱ्यांच्या फटींमधली, गटाराच्या कडेची, जपून भरून घेतात. ही धूळ धुऊन, गाळून त्यातून सोन्याचे कण काढतात, त्यावर घरं चालतात. सासूबाई गावी जाऊन देवीच्या आधी हेच सांगतील बघा.

आत समोर उभं राहायला फार वेळ मिळत नाही, म्हणून काय बघायचं ते आधीच सांगून ठेवा. देवीचं शेंदरी मुख, चांदीचा मुकुट, नथ. वाहन रोज वेगळं असतं, वाराप्रमाणे बदलतं, तेव्हा आज कशावर बसलीय ते बघायचं. आणि मोरावर बसलेली अन्नपूर्णा पण तिथेच आहे, ती बऱ्याच जणांची राहून जाते कारण तोवर मागचा माणूस ढकलत असतो. ओटी भरायची असेल तर खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, जे काय असेल ते घरूनच एका कापडी पिशवीत एकत्र बांधून न्या. रांगेत उभं राहून पर्समधून हळदीची पुडी शोधणं, मग ती सांडणं, मग मागच्या बाईची साडी पिवळी होणं, हे सगळं टळतं.

दुसरं देऊळ करायचंच असलं तर सिद्धिविनायक करा, महालक्ष्मी नको. कारण सोप्पंय, मेट्रो ३ आता ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय, कालबादेवी स्टेशनात चढा आणि थेट सिद्धिविनायक स्टेशनात उतरा, गाडी बदलायची नाही, लिफ्ट आहे, एसी आहे, सासूबाईंची मेट्रोपण होईल. महालक्ष्मीचं उलट आहे. स्टेशनचं नाव महालक्ष्मी आणि देऊळ राहिलं पार समुद्राकडे भुलाभाई देसाई रोडला, रेल्वेने जा नाहीतर मेट्रोने, परत टॅक्सी आहेच. नवीन माणूस हमखास फसतो त्यात. परतीला प्रभादेवीहून टॅक्सीने दादर गाठा, पण संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत, चारच्या पुढे मी काही बोलणार नाही.

सिद्धिविनायकाची सोंड उजवी आहे. घरचे म्हणतात उजव्या सोंडेचा गणपती कडक, सोवळं पाळावं लागतं. मी ऑफिसमधून सुटल्यावर घामेजलेल्या शर्टातच जातो. काही चुकतंय का? आणि जीन्स चालते का? — वाचक, परळ

कडक म्हणतात ते घरात मूर्ती आणून रोजची पूजा करायची त्यांच्यासाठी. तिथे गाभाऱ्यात सोवळ्याने पूजा करणारी माणसं नेमलेली आहेत, तुम्ही फक्त समोर जाऊन हात जोडताय. आणि ते देऊळ बांधलं कोणी ते बघा ना. १९ नोव्हेंबर १८०१ ची गोष्ट, माटुंग्याच्या देऊबाई पाटील म्हणून आगरी समाजातल्या बाई, श्रीमंत पण मूलबाळ नाही, त्यांनी पैसे दिले आणि लक्ष्मण विठू पाटील या कंत्राटदाराने बांधलं. आपल्याला नाही झालं तर निदान दुसऱ्या बायकांना तरी व्हावं, अशी त्यामागची इच्छा सांगतात. अशा बाईच्या देवळातला देव तुमच्या शर्टाचा वास घेत बसेल असं मला तरी वाटत नाही. मूर्ती तशी लहान आहे, अडीच फूट उंच, एकाच काळ्या दगडातली, एका हातात कमळ, एकात परशू, एकात जपमाळ आणि एकात मोदकांची वाटी. इतक्या लांबून बघताना ती वाटी दिसतच नाही बऱ्याच जणांना, पुढच्या वेळी बघा.

जीन्सचं म्हणाल तर साधी जीन्स चालते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रस्टने कपड्यांचा नियम जाहीर केला त्यात फाटक्या जीन्स, तोकडे स्कर्ट, अंगप्रदर्शन करणारे कपडे नकोत असं आहे. फाटकी म्हणजे फॅशनची फाटकी बरं का, लोकलमध्ये फाटलेली वेगळी, पण गेटवरच्या माणसाला तो फरक समजावत बसण्यापेक्षा बॅगेत एक साधी पँट टाका.

मंगळवारी जाऊ नका एवढंच सांगते. आणि मंगळवारी संकष्टी आली म्हणजे अंगारकी, तेव्हा तर लोक आदल्या रात्रीपासून रांगेत असतात. ती रांग ज्यांना हवीय त्यांची आहे, त्यात एक वेगळीच मजा असते, अनोळखी माणसं एकमेकांची पोरं सांभाळतात, कोणीतरी चहा वाटतं. ऑफिसमधून 'जरा डोकावून जातो' म्हणणाऱ्याचं ते काम नाही. घाई असेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, लांबून दिसतं पण दिसतं. दुपारी नैवेद्याच्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबतं, नेमके तेव्हाच जेवणाच्या सुट्टीत पोचणारे खूप असतात.

एका मोठ्या देवळाबाहेर एका मुलाने माझ्याकडून हजार रुपये घेतले, म्हणाला व्हीआयपी दर्शन करून देतो. आतल्या गेटपर्यंत नेलं आणि गायब. तक्रार कुठे करू? — वाचक, कांदिवली

देवळाच्या ऑफिसात सांगा, जवळच्या पोलीस चौकीत सांगा, पण पैसे परत येतील अशी आशा धरू नका. पुढच्यासाठी एकच खूण लक्षात ठेवा, पावती. देवस्थानाची जी काय पैसे भरून करायची सोय असते, पूजा, अभिषेक, जे असेल ते, ते काउंटरवर होतं आणि छापील पावती मिळते. रस्त्यावर 'दीदी, लाइन लंबी है, मैं करवाता हूं' म्हणणारा काउंटर नसतो. आणि म्हातारी माणसं, अपंग, गरोदर बाई, कडेवर तान्हं बाळ असलेली आई, यांची वेगळी सोय मोठ्या देवळांत बहुधा असतेच आणि तिला पैसे पडत नाहीत, तिथल्या सिक्युरिटीला विचारायची लाज कसली. आपण विचारत नाही आणि हे लोक नेमकं तेच विकतात आपल्याला.

हार-फुलांच्या ताटाचं पण तेच. दुकानवाला म्हणतो 'आधी दर्शन करून या, पैसे मागाहून', चपला ठेवून घेतो, ताटात नारळ, चुनरी, बांगड्या, अगरबत्ती भरत जातो आणि परत आल्यावर भाव ऐकून आपण गार. ताट हातात घ्यायच्या आधी 'किती झाले?' विचारा. नुसत्या दोन कमळांचं पण ताट होतं, कोणी हाकलत नाही. (आणि नव्या चपला घालून देवळात जाणारी माणसं मला कायम थोर वाटत आलीयेत.)

महालक्ष्मीला मागच्या भिंतीवर नाणं चिकटवलं तर इच्छा पूर्ण होते म्हणे. माझं तीनदा पडलं, शेजारच्या बाईचं लगेच चिकटलं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. — वाचक, ठाणे

अहो, समुद्र तिथे हाकेच्या अंतरावर. हवेत ओल, त्यात भिंतीवर हजारो हातांचं तेलकट, कुंकवाचं काहीबाही लागलेलं, एका जागी चिकटतं आणि वीतभर बाजूला पडतं. शेजारच्या बाईने जागा चांगली निवडली एवढंच. खेळ म्हणून करा, मजा येते, पण त्यावरून लेकीच्या लग्नाचा अंदाज बांधू नका.

त्या देवळात भिंतीपेक्षा बघण्यासारखं खूप आहे. गोष्ट अशी सांगतात की वरळी आणि मुंबईच्या मधल्या खाडीला बांध घालत होते, हॉर्नबी वेलार्ड म्हणतात तो, आणि घातलेला बांध सारखा कोसळत होता. मग रामजी शिवजी प्रभू म्हणून पाठारे प्रभू समाजातले एक इंजिनीअर होते त्यांच्या स्वप्नात देवी आली, मला समुद्रातून बाहेर काढ म्हणाली, मूर्ती सापडल्या आणि बांध टिकला. स्वप्नाचं आपण काही सांगू शकत नाही पण तो बांध खरा, आज तुम्ही हाजी अलीवरून गाडीने जाता तो त्याच्यावरूनच. देऊळ १८३१ चं, धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने बांधलेलं. आत तीन देवी आहेत, महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती, आणि दिवसभर आपण बघतो ते सोन्याचे मुखवटे. रात्री देऊळ बंद व्हायच्या आधी थोडा वेळ ते काढतात तेव्हा मूळ मूर्ती दिसतात. ठाण्याला परत जायचंय म्हणून तुम्ही तोवर थांबणार नाही हे मला माहितीय, तरी एखाद्या शनिवारी जवळच्या कोणाकडे मुक्काम ठेवून जमवा. नवरात्र सोडून.

पाळी सुरू असताना देवळात गेलं तर? मैत्रिणींचा ग्रुप ठरवतो त्याच दिवशी नेमकी येते, मग मी बाहेर चपला सांभाळत उभी. — कॉलेजमधली एक, लालबाग

कायदा काय म्हणतो ते आधी सांगते. बाईला बाई म्हणून देवळात मज्जाव करता येत नाही, १९५६ चा आपल्या राज्याचा देवळातल्या प्रवेशाबद्दलचा कायदा आहे आणि २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने तो पाळून घ्या असं सरकारला बजावलं. शिवाय या शहरातल्या कुठल्या रांगेत कोण तुला विचारणार आहे? तेव्हा अडवणारं बाहेर कोणी नाही, अडवतंय ते घरून शिकवलेलं. मला विचारशील तर जा. माझ्या मते शरीराच्या रोजच्या व्यवहारात देवाने लाजण्यासारखं काही ठेवलेलं नाही. पण तुझ्याच मनाला टोचत असेल तर जबरदस्तीने जाऊन आतमध्ये अपराध्यासारखं उभं राहू नकोस, त्यात काय अर्थ. फक्त चपला राखायचं काम दर वेळी तुझ्याकडेच का, ते ग्रुपला विचार.

श्रावणी सोमवारी बाबुलनाथला जायचं आहे. दूध किती न्यावं? आणि प्रदक्षिणा पूर्ण घालायची की अर्धी? — वाचक, गिरगाव

गिरगावात राहून मला विचारताय! दूध घरी मुलांना द्या. २०२३ मध्ये तिथल्या शिवलिंगाला चिरा दिसल्या म्हणून आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना बोलावलं होतं, भेसळीचं दूध, भस्म, गुलाल, चंदनात मिसळलेली रसायनं, या सगळ्याने दगड खराब होतो, तेव्हापासून पाण्यावर भर आहे. तांब्याभर स्वच्छ पाणी आणि बेलाचं पान न्या, शंकर तसाही भोळा.

प्रदक्षिणा शंकराला अर्धीच. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर जातं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथपर्यंत जायचं आणि उलटं फिरायचं. देवीला एक, गणपतीला तीन, विष्णूला चार असा जुना हिशेब आहे, पण सोमवारच्या गर्दीत तुम्ही पन्हळीपाशी पोचून उलटे फिरलात तर समोरून येणाऱ्या शंभर जणांना धडकाल, तेव्हा जागेवर स्वतःभोवती फिरा आणि पुढे सरका. एक लक्षात ठेवा, उत्तरेकडच्या लोकांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, त्यामुळे आपण अजून आषाढात असतो आणि बाबुलनाथची सोमवारची रांग ऑलरेडी रस्त्यावर आलेली असते. पायऱ्या नको असतील तर लिफ्ट आहे, पण श्रावणात लिफ्टची पण रांग. मंगळवारी जा की, देव तोच असतो.

देवळात फोटो काढू देत नाहीत, मग आईला व्हिडिओ कॉलवर दर्शन कसं घडवू? ती सांगलीला असते. — वाचक, मालाड

कॉल लावूच नका आतून, मोबाइल जप्त व्हायचा. मोठ्या देवस्थानांचं लाइव्ह दर्शन नेटवर असतं, सिद्धिविनायकाचं तर असतंच, आईच्या मोबाइलवर एकदा लावून द्या, ती तुमच्यापेक्षा जास्त वेळ बघेल. बाहेर आल्यावर कळसाचा फोटो काढून पाठवा, कळसाचं दर्शन घेतलं की देवाचं झालं असं आपल्याकडे मानतातच, पंढरपूरला नाही का करत.

देवदर्शनानंतर मुलं भूक भूक करतात. उपवास असला तर आमचे वांधे. कुठे खावं? — वाचक, कल्याण

मुंबादेवीच्या आसपास सकाळी गरम जिलेबी-फाफडा, उभ्याने, कागदावर. पोटभर हवं असेल तर ठाकूरद्वारला विनयमध्ये मिसळ, थोडं चालावं लागेल. सिद्धिविनायक करून दादरकडे येत असाल तर गोखले रोडला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष, तिथेही बाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं, ते दर्शनाच्या रांगेतच धरा.